संशय पाणीपुरीवर, जंतू कासवाच्या टबात

लहान मुलाला जुलाब लागले, अंगात ताप भरला, की घरात पहिला संशय जातो तो काल खाल्लेल्या पाणीपुरीवर. मग वाढदिवसाच्या केकवर, शाळेतल्या मैत्रिणीच्या डब्यावर, नळाला आलेल्या गढूळ पाण्यावर. पावसाळ्यात नाशिकच्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात हीच उत्तरे ऐकू येतात. औषध मिळते, जलसंजीवनी सुरू होते, चार-पाच दिवसांत मूल खेळायला लागते आणि प्रकरण मिटते. जंतू कोणता होता आणि तो कुठून आला, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा त्यावाचून काही अडतही नाही. पण तेच मूल पुन्हा आजारी पडले, किंवा घरात दोन महिन्यांचे तान्हे बाळ असले, तर हा न विचारलेला प्रश्न महागात पडू शकतो. विशेषतः ज्या घरात कुत्रा, मांजर, पक्षी किंवा कासव आहे, त्या घरात.

साल्मोनेला या जंतूबाबत तर हे फारच खरे आहे. मुळात त्याचे नावच एका पशुवैद्यावरून पडले आहे. डॅनियल एल्मर साल्मन हे अमेरिकेतील पशुवैद्य. त्यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ मध्ये डुकरांच्या आजाराचा शोध घेताना हा जंतू वेगळा केला आणि पुढे साल्मन यांच्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. आज त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यांतील टायफी हा प्रकार विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, घडवतो आणि तो माणसाच्याच शरीरात राहतो. उरलेल्यांपैकी बहुतेक प्रकारांचे मूळ घर मात्र प्राण्यांचे आतडे आहे. तिथून ते मांस, अंडी, पाणी, भाजीपाला किंवा थेट हातावाटे माणसापर्यंत येतात. जुलाब घडवणाऱ्या जगातील चार प्रमुख कारणांमध्ये जागतिक आरोग्य संघटना या जंतूंची गणना करते.

शरीरात शिरल्यापासून सहा तास ते सहा दिवसांत पोटात कळा, जुलाब आणि ताप सुरू होतो. निरोगी माणूस चार ते सात दिवसांत आपोआप बरा होतो. प्रतिजैविकांची, म्हणजे अँटिबायोटिक्सची, गरज बहुतेकांना पडत नाही. उलट साध्या आजारात ती दिल्याने जंतू आतड्यात अधिक काळ रेंगाळू शकतो. धोका असतो तो अगदी लहान बाळांना, वृद्धांना आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना. त्यांच्यात जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जातो आणि कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. ‘थोडे पोट बिघडले आहे’ असे म्हणून ज्याकडे दुर्लक्ष होते, तेच तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २००७ मध्ये नेमके हेच घडले. महिन्याचेही न झालेले एक बाळ तापाने आजारी पडले आणि दगावले. तपासणीत साल्मोनेलाचा ‘पोमोना’ हा प्रकार आढळला. या वयाच्या बाळाने बाहेरचे काही खाल्ले असणे शक्य नव्हते. शोध घेतला तेव्हा कळले की घरात एका स्नेह्याने भेट दिलेले चिमुकले कासव होते. कासवातील जंतू आणि बाळातील जंतू यांच्या जनुकीय खुणा सारख्याच निघाल्या. कासव बाळाच्या हातात कुणी दिले नव्हते, देण्यासारखे ते वयही नव्हते. कासवाची देखभाल करणारे आणि बाळाला घेणारे हात एकाच घरातले असतात, एवढे या जंतूला पुरते.

कासवाशी असलेले हे नाते तिथे आधीपासून माहीत होते. खेळण्यासारखी विकली जाणारी लहान कासवे मुले हाताळत, तोंडाशी नेत आणि आजारी पडत. म्हणून १९७५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली. मोठे कासव मुलाच्या तोंडात मावत नाही, इतका साधा विचार त्यामागे होता. त्या एका निर्णयाने वर्षाला सुमारे एक लाख मुलांचा आजार टळला, असा अंदाज मांडला गेला. आपल्याकडे आकाराचा असा नियम नाही. मत्स्यालयाच्या दुकानांत लाल कानाची, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी विदेशी कासवे विकली जातात. देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवाला नमस्कार करून वाढलेल्या समाजात जिवंत कासव शुभ वाटणे स्वाभाविक आहे. वास्तूच्या नावाखाली ते दिवाणखान्यात येते, मुलांचे लाडके होते आणि त्याचा टब धुतला जातो तो स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये किंवा मोरीत. त्याच जागी बाळाची वाटी-चमचाही धुतला जातो. कासव निरोगी दिसते, कारण ते निरोगीच असते. साल्मोनेला हा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी आहे. त्याचा त्यांना त्रास होत नाही.

प्राण्याला हात न लावताही लागण होऊ शकते, याचे बोलके उदाहरण १९९६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर प्राणिसंग्रहालयात दिसले. तिथे कोमोडो ड्रॅगन हा महाकाय सरडा पाहायला आलेली अनेक मुले साल्मोनेलाने आजारी पडली. त्यांपैकी एकानेही त्या सरड्याला स्पर्श केला नव्हता. त्यांनी हात टेकले होते ते त्याच्या कुंपणाच्या लाकडी कठड्यावर. सरड्याच्या पायांनी जंतू कठड्यापर्यंत आले आणि कठड्यावरून मुलांच्या हातांवर. प्राणिसंग्रहालयातच हात धुणारी मुले मात्र बऱ्याच अंशी वाचली. घरातही कठडे असतात. टबाची कड, मत्स्यालयाचे झाकण, पिंजऱ्याची कडी, कुत्र्याचे ताटले ही त्यांचीच रूपे आहेत.

कुत्र्या-मांजरांचे गणित थोडे वेगळे आहे. त्यांच्यात हा जंतू सरपटणाऱ्या प्राण्यांइतका सर्रास नसतो, आणि असला तरी प्राणी अनेकदा ठणठणीत दिसतो. कच्चे मांस, कोंबडीचे कच्चे पाय किंवा आतडी खाणाऱ्या कुत्र्यांत तो अधिक आढळतो. पण कोरडे, पॅकबंद खाद्यही पूर्ण निर्धोक धरता येत नाही. अमेरिकेत २००६ ते २००८ या काळात ७९ जण साल्मोनेलाच्या एका दुर्मीळ प्रकाराने आजारी पडले. त्यांत लहान मुले मोठ्या संख्येने होती. माग निघाला तो कुत्र्यांच्या कोरड्या खाद्याच्या एका कारखान्यापर्यंत. तपासात आणखी एक गोष्ट दिसली. जी कुटुंबे प्राण्याला स्वयंपाकघरात खायला घालत, त्यांच्या घरातील बाळांना धोका जास्त होता. म्हणजे दोष कुत्र्याचा नव्हता, त्याच्या ताटलीच्या जागेचा होता.

आपल्या घरांत तर न पाळलेलाही एक प्राणी राहतो, तो म्हणजे पाल. दुधात पाल पडून विषबाधा झाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. घरातली पाल विषारी नसते. पण पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला असल्याचे भारतातील पाहण्यांतही दिसून आले आहे. त्यामुळे ‘आमच्या घरात प्राणीच नाही’ हे उत्तर शब्दशः क्वचितच खरे असते. उघडे ठेवलेले दूध, ओट्यावरची झाकण नसलेली कणीक आणि फळीवर उपडी न घातलेली भांडी यांचा विचारही मागोव्यात करावाच लागतो.

मागोवा घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? अमेरिकेतील अर्कान्सास राज्यातील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत उपयोगी आहे. साल्मोनेला झालेल्या चार वर्षांखालील मुलांच्या घरी ते गेले आणि अन्नापासून धुळीपर्यंत सगळ्याचे नमुने घेतले. मुलात सापडलेलाच प्रकार काही घरांत दारापुढच्या मातीत, व्हॅक्यूम क्लीनरमधील धुळीत, फ्रिजच्या फळीवर, प्राण्यांत आणि स्वतःला काहीच त्रास नसलेल्या कुटुंबीयांतही मिळाला. या वयाच्या मुलांबाबत केवळ अन्नावर बोट ठेवून चालणार नाही, घर आणि घरातली माणसे तपासली पाहिजेत, असा त्याचा सूर होता. कारण उघड आहे. रांगणारे मूल जमिनीवरचे जग हातांनी ओळखते आणि तो हात तोंडात घालते.

शोधाची सुरुवात मात्र घरात होत नाही, ती प्रयोगशाळेत होते. ताप आणि रक्तमिश्रित किंवा लांबलेले जुलाब असतील, तर शौचाचे कल्चर करायला हवे, आणि तेही प्रतिजैविक सुरू करण्याआधी. आपल्याकडे तापाच्या रुग्णाची ‘विडाल’ चाचणी करून मोकळे होण्याची सवय खोलवर रुजली आहे. फर्नांड विडाल यांनी १८९६ मध्ये मांडलेली ही चाचणी टायफॉइडसाठी आहे आणि त्यासाठीही ती पुरेशी भरवशाची राहिलेली नाही. कासवाकडून आलेल्या साल्मोनेलाचा प्रकार ती सांगू शकत नाही. कल्चर केले नाही तर जंतू हाती लागत नाही, आणि जंतूच नसेल तर पुढे कशाशी काय जुळवायचे हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा टप्पा प्रश्नांचा आहे. आजाराच्या आधीच्या आठवड्यात मुलाने काय खाल्ले, पाणी कुठले प्यायले, कुणाकडे राहायला गेले, पाळणाघरात आणखी कुणी आजारी आहे का, याबरोबरच घरात, आजोळी आणि शेजारी कोणते प्राणी आहेत, हे विचारायला हवे. त्यांना काय खायला घालतात, त्यांची भांडी कुठे धुतात आणि घाण कोण काढते, हेही. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘आई’ किंवा ‘कामवाल्या ताई’ असे येते, आणि बाळाला भरवणाऱ्याही त्याच असतात.

तिसरा टप्पा नमुन्यांचा. प्राण्याची विष्ठा, टबातले पाणी, उघडलेल्या खाद्याची पिशवी आणि जमिनीवरची धूळ तपासून त्यातला जंतू मुलातल्या जंतूशी ताडून पाहायचा. आधी प्रकार जुळतो का ते पाहतात आणि मग, सोय असेल तर, संपूर्ण जनुकीय आराखडा. अमेरिकेने १९९६ पासून ‘पल्सनेट’ नावाचे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. दूरदूरच्या गावांतील दोन आजारी मुलांचे नाते त्यातून काही दिवसांत जुळवता येते.

निष्कर्ष काढताना दोन सावधगिऱ्या पाळाव्या लागतात. कासवाची एक चाचणी नकारात्मक आली म्हणून ते निर्दोष ठरत नाही, कारण हा जंतू विष्ठेतून रोज बाहेर पडतोच असे नाही. आणि कुत्र्यात व मुलात एकच जंतू सापडला तरी तो कुत्र्याकडूनच मुलाकडे गेला, असे सिद्ध होत नाही. मुलाकडून कुत्र्याकडे किंवा दोघांकडे एकाच तिसऱ्या ठिकाणाहून तो आलेला असू शकतो. हे तिसरे ठिकाण किती अनपेक्षित असू शकते, हे लासलगावच्या शेजारी राहणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवावे. २०२० मध्ये अमेरिकेत हजारांहून अधिक लोकांना झालेल्या साल्मोनेलाचा माग तिथल्याच कॅलिफोर्नियातील एका पुरवठादाराच्या लाल कांद्यापर्यंत पोहोचला होता.

हा शोध नाशिकमध्ये घ्यायचा ठरवला, तर खरी अडचण कळते. मुलाचा नमुना जातो खासगी प्रयोगशाळेत किंवा जिल्हा रुग्णालयात, आणि कुत्र्याचा, गेलाच तर, पशुवैद्याकडे. एक वाट आरोग्य विभागाची आहे, दुसरी पशुसंवर्धन विभागाची. वरपर्यंत पाहिले तरी तेच दिसते. हिमाचल प्रदेशात कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्थेत साल्मोनेलाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि पशुवैद्यकीय नमुन्यांसाठीचे स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत. दोन्ही संस्था जुन्या आणि जाणत्या आहेत. पण सिडको किंवा पंचवटीतल्या एका घरातले दोन नमुने एका टेबलावर येण्याची नेहमीची सोय नाही. २००४ मध्ये सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम जुलाबाच्या साथी टिपतो. एका वस्तीत अनेक जण आजारी पडले की यंत्रणा हलते. एका घरातले एक मूल ही साथ नसते, म्हणून ते कुणाच्याच वहीत येत नाही.

माणूस, प्राणी आणि परिसर यांचे आरोग्य एकच मानणाऱ्या ‘वन हेल्थ’ या विचाराची अलीकडे बरीच चर्चा होते. त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात झाली. इमारती उभ्या राहतील तेव्हा राहतील. नाशिककरांना त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे आणि राज्यातील वैद्यकीय शिक्षण त्याच्या अखत्यारीत आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपुरात आहे. या दोघांनी मिळून एका शहरात, पाच वर्षांखालील साल्मोनेलाग्रस्त मुलांच्या घरी डॉक्टर आणि पशुवैद्य एकत्र पाठवण्याचा छोटा उपक्रम केला, तरी आपल्या घरांत हा जंतू कोणत्या वाटेने फिरतो याचे स्थानिक उत्तर मिळेल. आज आपण अर्कान्सास आणि फ्लोरिडाच्या उत्तरांवर भागवत आहोत. तिथल्या घरात मोरी नसते, ओट्यावर पाल नसते आणि दारातल्या भटक्या कुत्र्याला कुणी पोळी टाकत नाही.

आणखी एक अडचण कायद्याची आणि भीतीची आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्टार कासव किंवा आपला रानातला पोपट घरी ठेवणे गुन्हा आहे. त्यामुळे असा प्राणी असलेले कुटुंब डॉक्टरांपुढे तो लपवते. काही घरांत भीती वेगळी असते. प्राण्याचे नाव निघाले की ‘आधी तो कुत्रा बाहेर काढा’ असे थोरले सुनावतील, म्हणून आई गप्प बसते. डॉक्टरांचा प्रश्न उलटतपासणीसारखा नसावा आणि पालकांनीही उत्तर दडवू नये. वन्य प्राणी घरी असेल तर तो वन विभागाच्या स्वाधीन करावा. विदेशी कासव नकोसे झाले म्हणून गोदावरीत सोडून देणे हा उपाय नव्हे. नदी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जाते. रामसर यादीत आलेल्या राज्यातील या पहिल्या पाणथळ जागेवर परक्या कासवांचे ओझे टाकण्याचा अधिकार कुणालाही नाही.

घरच्या पातळीवर करायच्या गोष्टी फार नाहीत. पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात कासव, इग्वाना यांसारखे सरपटणारे प्राणी ठेवू नयेत. कुत्र्या-मांजरांना घालवण्याची गरज नाही. त्यांना कच्चे मांस घालू नये, त्यांची ताटली स्वयंपाकघराबाहेर ठेवावी आणि ती वेगळ्या घासणीने, वेगळ्या जागी धुवावी. प्राण्याला, त्याच्या खाद्याला किंवा टबाला हात लागला की साबणाने हात धुवावेत. मुलांच्या आधी ही सवय मोठ्यांना लागायला हवी. मूल आजारी पडलेच तर जलसंजीवनी लगेच सुरू करावी, झिंक डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे, जुलाब बांधणारी गोळी देऊ नये आणि घरात उरलेले प्रतिजैविक मनाने चालू करू नये. शौचात रक्त, कमी झालेली लघवी किंवा सुस्ती दिसली तर रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बाळाला जुलाबासोबत ताप असेल, तर एक दिवसही वाट पाहू नये.

यांतल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या केसपेपरवर वजन आणि लसींच्या रकान्यांशेजारी ‘घरातील प्राणी’ असा आणखी एक रकाना छापायला तर काहीच लागत नाही. तो रकाना भरला गेला, की पुढच्या वेळी जुलाबाचे मूल समोर आल्यावर डॉक्टरांची नजर डब्याबरोबर टबाकडेही जाईल. आणि घरातल्या मुक्या जनावराला पुराव्याशिवाय दोषी किंवा पुराव्याशिवाय निर्दोष ठरवण्याची वेळ कुणावर येणार नाही.